अंतर्जीवनाची मशागत : दुर्गा भागवत यांच्या ललितगद्याच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयीन शिक्षणाच्या चर्चेत ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘मूल्यशिक्षण’, ‘ताणतणावांचे व्यवस्थापन’ हे शब्द गेल्या दोन-तीन दशकांत चांगलेच रूढ झाले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मूल्याधारित अभ्यासक्रमांना पदवी स्तरावर श्रेयांकही मिळू लागले. विद्यार्थ्याच्या मनाची काळजी शिक्षणसंस्थेने वाहावी, हा विचार स्वागतार्हच आहे. तथापि या सर्व उपक्रमांमागे एक गृहीतक दडलेले दिसते. मनुष्याचे आंतरिक जीवन हे त्याच्या बाह्य जीवनापासून वेगळे काढता येते, आणि काही तंत्रांच्या साहाय्याने ते थेट सुधारता येते, असे हे गृहीतक आहे. डोळे मिटून स्वतःकडे पाहावे म्हणजे अंतर्जीवन समृद्ध होईल, अशी एक समजूत त्यातून नकळत बळावते.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी एका मराठी लेखिकेच्या ललितगद्याच्या आधारे करावयाची आहे. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६), ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि ‘पैस’ (१९७०) या तीन ग्रंथांचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे. दुर्गाबाईंच्या लेखनावर मराठीत विपुल समीक्षा झाली आहे. त्यांची शैली, त्यांचा लोकसाहित्याचा व्यासंग आणि आणीबाणीतील त्यांची भूमिका यांवर स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे. मात्र या तिन्ही गोष्टींना जोडणारा धागा म्हणून त्यांच्या अंतर्जीवनाच्या स्वरूपाकडे पाहण्याचा प्रयत्न तुलनेने कमी दिसतो. दुर्गाबाईंच्या लेखनात अंतर्जीवन समृद्ध होते ते स्वतःकडे पाहण्याने नव्हे, तर स्वतःबाहेरील वस्तूकडे दीर्घकाळ आणि निःस्वार्थपणे पाहण्याने, हे प्रस्तुत लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

‘अंतर्जीवन’ : संकल्पना आणि परंपरा

मराठी साहित्याला अंतर्जीवनाचा विषय नवा नाही. किंबहुना मराठीतील श्रेष्ठ वाङ्मयाचा आरंभच या विषयाने झाला असे म्हणावे लागेल. संतकाव्यात मनाशी केलेला संवाद हा एक प्रमुख प्रकार आहे. रामदासांनी २०५ ‘मनाचे श्लोक’ रचले आणि त्यांत मनालाच श्रोता केले. तुकारामांच्या गाथेत तर मनाशी भांडण आहे, मनधरणी आहे, स्वतःवर घेतलेले आक्षेप आहेत. भंडारा डोंगरावरील एकांत आणि देहूचा बाजार यांच्या ताणातून ही कविता घडली. त्यामुळे संतांचे अंतर्जीवन म्हणजे संसारातून पळ काढणे, असा अर्थ लावणे अन्यायकारक ठरेल.

असे असले तरी संतकाव्यातील अंतर्जीवनाला ईश्वराचे अधिष्ठान होते. मनाला वळवावयाचे ते कोणाकडे, याचे उत्तर तेथे आधीच ठरलेले होते. विसाव्या शतकातील सुशिक्षित मराठी मनाला हे उत्तर पूर्वीइतक्या सहजतेने उपलब्ध राहिले नाही. मंदिर, कीर्तन, एकत्र कुटुंब आणि गावगाडा यांच्या आधाराने जे मन घडत होते, त्याला शहरात, कचेरीत आणि भाड्याच्या खोलीत नवे आधार शोधावे लागले. ललितनिबंध या वाङ्मयप्रकाराच्या मराठीतील विकासाकडे या पार्श्वभूमीवर पाहिल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात.

लघुनिबंधातील ‘मी’ आणि ललितनिबंधातील ‘मी’

ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्टी’च्या रूपाने मराठीत लघुनिबंध रुजविला. अनंत काणेकर आणि वि. स. खांडेकर यांनीही तो आपापल्या परीने समृद्ध केला. या लघुनिबंधाच्या केंद्रस्थानी लेखकाचा ‘मी’ होता. दैनंदिन जीवनातील एखादी क्षुल्लक गोष्ट निवडावयाची, तिच्यावर खेळकर भाष्य करावयाचे आणि वाचकाला आपल्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रसन्नतेत सहभागी करून घ्यावयाचे, ही त्याची रीत होती. या रीतीचे काही फायदे निश्चितच झाले. मराठी गद्याला सैलपणा आला, बोलीचा मोकळेपणा आला. परंतु कालांतराने तो एक साचा बनला. वस्तू ही निमित्तमात्र राहिली आणि ‘मी’ हाच विषय झाला. सतत स्वतःला न्याहाळणारे मन अखेरीस स्वतःचीच पुनरावृत्ती करू लागते, याचा अनुभव उत्तरकालीन लघुनिबंध वाचताना येतो.

इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’पासून (१९४९) या प्रकाराने वेगळे वळण घेतले. दुर्गा भागवत आणि पुढे ‘डोह’कार श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांनी ते वळण दृढ केले. येथे ‘मी’ नाहीसा झाला नाही. त्याचे स्थान बदलले. इरावतीबाई आणि दुर्गाबाई या दोघीही मूलतः संशोधक होत्या. एक मानववंशशास्त्राची अभ्यासक, दुसरी लोकसाहित्याची. समोरच्या वस्तूचे ऋण मानण्याची सवय त्यांना संशोधनाने लावली होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही. त्यांच्या ललितगद्यातील ‘मी’ हा पाहणारा आहे, मिरवणारा नाही. अंतर्जीवनाच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

‘ऋतुचक्र’ : पाहण्याची शिस्त

‘ऋतुचक्र’ची रचना साधी आहे. चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांवर बारा निबंध. या रचनेतील नावीन्य लक्षात घेण्यासाठी कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’ची आठवण उपयोगी पडेल. ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा ऋतू सहा सर्गांत येतात आणि प्रत्येक ऋतूचे वर्णन प्रणयी युगुलांच्या भावस्थितीशी जोडलेले असते. रसशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर निसर्ग हा तेथे उद्दीपन विभाव आहे. मानवी भाव प्रज्वलित करणे हे त्याचे कार्य. आधुनिक मराठी कवितेतही निसर्ग पुष्कळदा हेच कार्य करतो. कवी उदास असला की सांज उदास होते, कवी प्रसन्न असला की पहाट हसते.

दुर्गाबाईंनी ‘ऋतुचक्रा’त हा क्रम उलटा केला. त्यांच्या निबंधांत निसर्ग हाच आलंबन विभाव आहे. पिंपळाची तांबूस पालवी ही कोणाच्या मनातील आशेचे प्रतीक म्हणून येत नाही. ती पिंपळाची पालवी म्हणूनच येते, तिच्या रंगासह, तुकतुकीसह आणि सळसळीसह. चैत्रावरील ‘वसंतहृदय चैत्र’ या निबंधात करंजाच्या फुलांबरोबर घाणेरीलाही सन्मानाचे स्थान आहे. कुंपणाला वाढणारे हे झुडूप त्याच्या उग्र वासामुळे नावातच बदनाम झालेले. कवितेने त्याच्याकडे सहसा पाहिले नाही. दुर्गाबाई मात्र त्याच्या फुलांतील रंगसंगतीसमोर थांबतात. त्याच निबंधात कैऱ्या, फणस आणि पक्ष्यांची घरटी येतात. म्हणजे वसंत हा केवळ फुलांचा नसून फळांचा, पोषणाचा आणि संगोपनाचाही काळ आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते. रूढ कविसंकेताने वसंताचे अर्धेच चित्र आपल्यासमोर ठेवले होते, याची जाणीव त्यामुळे होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. निसर्गाच्या अशा तपशीलवार निरीक्षणाचा अंतर्जीवनाशी काय संबंध? एखादा वनस्पतिशास्त्रज्ञही पानांचे रंग टिपतो; त्याचे अंतर्जीवन त्यामुळे समृद्ध होतेच असे नाही. हा आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे उत्तर निरीक्षणाच्या पुनरावृत्तीत शोधावे लागेल. ‘ऋतुचक्र’ हे एका सहलीचे फलित नाही. एकच झाड वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या प्रकाशात, अनेक वर्षे पाहिल्याखेरीज त्या पुस्तकातील कित्येक परिच्छेद लिहिता आले नसते. असे पाहणे म्हणजे एका अर्थी प्रतीक्षा करणे होय. झाडाला आपल्या सोयीने फुलावयास लावता येत नाही. त्याच्या काळाशी आपला काळ जुळवून घ्यावा लागतो. या जुळवून घेण्यात मनाची जी घडण होते, ती केवळ माहिती गोळा करण्यातून होत नाही. आपल्या इच्छेपेक्षा वेगळ्या गतीने चालणाऱ्या गोष्टी जगात आहेत आणि त्या तशाच सुंदर आहेत, ही जाणीव मनात मुरते. ‘निरोगी’ अंतर्जीवनाचे हे एक प्रमुख लक्षण मानता येईल.

आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. हे निरीक्षण अरण्यवासी व्यक्तीचे नाही. दुर्गाबाईंचे आयुष्य मुख्यत्वे मुंबईत गेले. रस्त्याच्या कडेची झाडे, कुंपणे, परसबागा आणि इमारतींमधून दिसणारे आकाश एवढी सामग्री शहरवासी माणसाजवळही असतेच. ‘ऋतुचक्र’ वाचताना ही गोष्ट आश्वासक वाटते.

‘व्यासपर्व’ आणि ‘पैस’ : वाचन आणि स्मृती

निसर्गाकडे पाहण्याची जी शिस्त ‘ऋतुचक्रा’त आहे, तीच ‘व्यासपर्वा’त ग्रंथाकडे पाहताना दिसते. महाभारतातील कृष्ण, एकलव्य, द्रोण, अश्वत्थामा, कर्ण, विदुर, द्रौपदी आदी व्यक्तिरेखांवरील हे निबंध आहेत. महाभारतावर मराठीत लिहिताना दोन प्रवृत्ती प्रबळ ठरल्या आहेत. एक धार्मिक भाविकतेची आणि दुसरी न्यायनिवाड्याची. कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, द्रोणांचे वर्तन योग्य की अयोग्य, असे वाद आपल्याकडे अद्यापही मोठ्या हिरीरीने घातले जातात. दुर्गाबाई निवाड्याची घाई करीत नाहीत. एकलव्याच्या कथेत अन्याय आहे, हे त्या जाणतात; परंतु तेवढ्यावर न थांबता गुरू आणि शिष्य या दोघांच्याही मनाचा तळ त्या शोधू पाहतात. अश्वत्थाम्याच्या भळभळत्या जखमेकडे त्या केवळ शिक्षा म्हणून पाहत नाहीत.

‘व्यासपर्वा’तील हे वाचन अभ्यासू आहेच, परंतु त्याला अंतर्जीवनाच्या दृष्टीने वेगळे मोल आहे. स्वतःहून पूर्णपणे भिन्न असलेल्या माणसांना, त्यांतील दुष्टांना आणि पराभूतांनाही, मनात दीर्घकाळ राहू देणे, ही क्षमता अशा वाचनातून वाढते. आधुनिक वाचक कादंबरीतून जे मिळवतो, ते दुर्गाबाईंनी महाकाव्यातून मिळविले. आजच्या अध्यापनात महाभारताचे ‘व्यवस्थापनासाठी धडे’ काढले जातात तेव्हा नेमकी हीच शक्यता हरवते. ग्रंथ हा उपयोगाचे साधन झाला की त्याच्याशी सहवास संपतो.

‘पैस’ या संग्रहाचा शीर्षकनिबंध नेवासे येथील खांबासंबंधी आहे. प्रवरेच्या काठी असलेल्या या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. ‘ज्ञानेश्वरी’ची समाप्ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. एक ओबडधोबड खांब आणि त्याला चिकटलेली सात शतकांची स्मृती, एवढाच विषय. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळा अवकाश. एका निर्जीव दगडासमोर उभे राहून मनाला एवढा अवकाश मिळावा, हे त्या मनाच्या पूर्वतयारीचे फळ आहे. ज्याने ‘ज्ञानेश्वरी’ वाचलेली नाही त्याला तेथे केवळ खांब दिसेल. दुसऱ्या बाजूने, ज्याने ती केवळ परीक्षेसाठी वाचली त्यालाही कदाचित खांबच दिसेल. येथे दुर्गाबाईंची भाविकता सांप्रदायिक नाही. बौद्ध विचाराचा आणि जातककथांचाही त्यांचा सखोल व्यासंग होता. परंपरेचे अनेक प्रवाह एकाच मनात परस्परांना न खोडता नांदू शकतात, याचे त्यांचे लेखन हे एक उदाहरण आहे.

एकांत आणि लोक

दुर्गाबाईंच्या चरित्रातील एक घटना येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. तारुण्यात, मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधन करीत असताना त्यांना विषबाधा झाली आणि त्यानंतरच्या दीर्घ आजारपणाने त्यांची काही वर्षे हिरावून घेतली. ज्या वयात विद्यापीठीय कारकीर्द आकार घेते, त्या वयात त्या अंथरुणावर होत्या. या आजारपणाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. दुःखाने माणूस आपोआप समृद्ध होत नाही. पुष्कळदा तो खचतो. परंतु ज्या मनाला पाहण्याची आणि वाचण्याची सवय आहे, त्याला सक्तीच्या एकांतात काही तरी हाताशी असते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

पुढील आयुष्यात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हे त्यांचे कार्यस्थळ झाले. महाविद्यालयीन नोकरी, पदोन्नती, विभागप्रमुखपद यांच्या चौकटीबाहेर राहून त्यांनी आयुष्यभर व्यासंग केला. मात्र हा एकांत लोकविन्मुख नव्हता. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) हा त्यांचा ग्रंथ ‘ऋतुचक्रा’च्याच वर्षी प्रसिद्ध झाला, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. ओव्या, कहाण्या, व्रते, म्हणी, पाककृती यांत त्यांना तितकाच रस होता. ‘खमंग’सारखे पाककलेवरील पुस्तक त्यांनी लिहिले. स्वयंपाक, विणकाम, भरतकाम यांना ‘क्षुद्र बायकी कामे’ न मानता हातांनी केलेल्या विचाराचा दर्जा त्यांनी दिला. आपल्याकडे बौद्धिक जीवन आणि घरगुती जीवन यांत जी भिंत उभी केली जाते, ती त्यांच्या बाबतीत दिसत नाही. समृद्ध अंतर्जीवन हे फावल्या वेळेचे प्रकरण नाही, ते रोजच्या कामांत मिसळलेले असते, असा निष्कर्ष यातून काढता येईल.

कसोटीचा क्षण : कराड, १९७५

अंतर्जीवनाच्या चर्चेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ही चर्चा माणसाला सामाजिक प्रश्नांपासून दूर नेते. झाडे, पाने, खांब आणि महाकाव्ये यांत रमलेले मन अन्यायाविषयी उदासीन राहील, ही शंका अवाजवी नाही. मराठीतील ललितगद्यावर, विशेषतः १९६० नंतरच्या वाङ्मयीन चळवळींनी, असा आक्षेप घेतलाही आहे.

या आक्षेपाच्या संदर्भात कराड येथील १९७५ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा विचार करावा लागेल. या ५१ व्या संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या महिला. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झालेली होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळात होते. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि मुंबईत उपचार घेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. त्याच वर्षीच्या निवडणुकीच्या प्रचारातही त्यांनी भाग घेतला.

‘ऋतुचक्र’ लिहिणारी लेखिका आणि कराडच्या व्यासपीठावर उभी राहिलेली लेखिका यांत काही संबंध आहे काय? झाडे पाहिल्यामुळे धैर्य येते, असे कार्यकारण मांडणे भाबडेपणाचे होईल. निसर्गावर उत्तम लिहिणारे अनेक लेखक त्या काळात गप्प राहिले, हेही विसरता येत नाही. तरीही दोहोंत एक सुसंगती दिसते. ज्या मनाला वस्तू जशी आहे तशी पाहण्याची सवय लागली, त्याला समोर दिसणाऱ्या गोष्टीला दुसरे नाव देणे कठीण जाते. घाणेरीच्या फुलाला सुंदर म्हणण्यासाठी कविसंकेत बाजूला ठेवावा लागतो. दडपशाहीला दडपशाही म्हणण्यासाठी ‘अनुशासन पर्व’ हा शब्द बाजूला ठेवावा लागतो. दोन्ही ठिकाणी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय ज्याचा आनंद पदावर, मानधनावर आणि निमंत्रणांवर अवलंबून नाही, त्याला भय दाखविण्याची साधनेही सत्तेजवळ कमी उरतात.

या संदर्भात थोरोचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. दुर्गाबाईंनी ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद केला. १८४५ ते १८४७ या काळात थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहिला, आणि याच वास्तव्यात १८४६ साली कर भरण्यास नकार दिल्याबद्दल त्याने एक रात्र तुरुंगात काढली. तळ्यातील बर्फाची जाडी मोजणारा आणि गुलामगिरी पोसणाऱ्या शासनाला कर नाकारणारा मनुष्य एकच होता. दुर्गाबाईंना थोरो का जवळचा वाटला असावा, याचा उलगडा कराडच्या प्रसंगाने होतो.

प्रतिपादनाच्या मर्यादा

वरील विवेचनाला काही मर्यादा आहेत आणि त्यांची नोंद घेतल्याखेरीज ते एकांगी राहील. दुर्गाबाईंना लाभलेली सुशिक्षित घराची पार्श्वभूमी, उच्च शिक्षण, ग्रंथालयाचा सहवास आणि अविवाहित राहण्याचे स्वातंत्र्य त्या काळातील बहुसंख्य स्त्रियांना उपलब्ध नव्हते. एकांत ही मनाची अवस्था असली तरी तिला जागा आणि वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टींचे वाटप आपल्या समाजात जात, वर्ग आणि लिंगभाव यांनुसार झालेले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना, अपमानाने सतत घेरलेल्या मनाला स्वतःचे असे एक अंतर्जीवन राखण्यासाठी काय किंमत मोजावी लागते, हे कळते. अशा वाचकाला ‘पिंपळाची पालवी पाहा’ एवढाच उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल.

परंतु याच बाजूची दुसरी साक्षही आहे. ‘जिणं आमुचं’ (१९८६) लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात माल बांधण्यासाठी आणलेले रद्दीचे कागद वाचून वाचनाची भूक भागविली आणि स्वतःचे लेखन अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. बहिणाबाई चौधरी तर निरक्षर होत्या. शेतातील आणि घरातील कामे करता करता त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मराठी समाज चकित झाला. जाते, विहीर, पेरणी, सुगरणीचा खोपा यांकडे त्यांनी जसे पाहिले, त्यात आणि ‘ऋतुचक्रा’तील पाहण्यात प्रकृतीचे साम्य आहे. अंतर्जीवन ही अभिजनांची मक्तेदारी नाही, हे या उदाहरणांवरून सिद्ध होते. मात्र त्यावरून सुविधांचा प्रश्न गौण ठरत नाही. या स्त्रियांनी प्रतिकूलतेवर मात केली म्हणून प्रतिकूलता समर्थनीय होत नाही. त्यांच्यासारख्या किती जणींचे रद्दीचे कागद वाचायचे राहून गेले असतील, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनाचा आपल्या रोजच्या कामाशी संबंध कोणता? ‘ऋतुचक्रा’तील उतारा वर्गात शिकविताना आपण बहुधा शैलीची वैशिष्ट्ये फळ्यावर लिहून देतो : चित्रमयता, संवेदनशीलता, काव्यात्मता. विद्यार्थी ती उतरवून घेतात. परीक्षेत गुण मिळतात आणि महाविद्यालयाच्या आवारातील करंज कोणीही पाहत नाही. वास्तविक या पाठाचा खरा स्वाध्याय वर्गाबाहेर आहे. आवारातील एक झाड निवडून जून ते मार्च या काळात दर पंधरवड्याला त्याची नोंद करणे, घरातील वृद्ध स्त्रीकडून एक कहाणी किंवा ओवी ऐकून जशीच्या तशी लिहून आणणे, एक मोठा ग्रंथ वर्षभर पुरवून वाचणे, असे साधे उपक्रम पदवी स्तरावर सहज शक्य आहेत. त्यांना खर्च नाही, प्रशिक्षकाची गरज नाही. अडचण एवढीच की त्यांचे फलित सत्राच्या अखेरीस तक्त्यात भरता येत नाही.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही, तो प्राध्यापकांचाही आहे. गुणांकन, प्रमाणपत्रे, अहवाल आणि शोधनिबंधांची संख्या यांच्या रेट्यात आपल्यापैकी अनेकांचे वाचन हे ‘संदर्भासाठी’ होत गेले आहे. ज्या पुस्तकातून उद्धृत करावयाचे नाही ते पुस्तक आपण शेवटचे केव्हा वाचले, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहण्यासारखे आहे. स्वतःचे अंतर्जीवन कोरडे पडलेले असताना दुसऱ्याच्या मनाची मशागत करता येत नाही. दुर्गाबाईंनी विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून जे साधले ते चौकटीत राहणाऱ्यांना अशक्य आहे असे नाही. परंतु त्यासाठी दिवसातील काही वेळ कोणत्याही गुणांकनात न बसणाऱ्या गोष्टींना द्यावा लागेल आणि तो देण्याचा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागेल.

निष्कर्ष

१. दुर्गा भागवत यांच्या ललितगद्यात अंतर्जीवनाची समृद्धी आत्मनिरीक्षणातून नव्हे, तर बाह्य वस्तूच्या दीर्घ, सावध आणि निःस्वार्थ अवलोकनातून येते. लघुनिबंधातील आत्मकेंद्री ‘मी’शी तुलना करता हे वेगळेपण ठळक होते.

२. ‘ऋतुचक्रा’त निसर्ग उद्दीपन विभावाच्या जागी आलंबन विभाव होतो. ‘व्यासपर्वा’त हीच दृष्टी ग्रंथाकडे आणि ‘पैस’मध्ये परंपरेच्या स्मृतीकडे वळते. तिन्ही ग्रंथांमागे पाहण्याची एकच शिस्त आहे.

३. अशी शिस्त सामाजिक उदासीनतेकडे नेतेच असे नाही. कराड संमेलनातील त्यांची भूमिका या शिस्तीचा पुरावा नसली तरी तिच्याशी सुसंगत आहे.

४. अंतर्जीवनाला लागणारा अवकाश सामाजिक विषमतेने मर्यादित होतो. म्हणून अंतर्जीवनाची चर्चा ही वेळ, जागा आणि ग्रंथ यांच्या न्याय्य उपलब्धतेच्या चर्चेपासून तोडता येणार नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे ठेवणे आणि आवारातील झाडे राखणे, हाही मूल्यशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.